बुवांच्या हातचा घास

आमची हिलोला बोलायला लागली की समोरच्यानं आधी बूड टेकून घ्यावं, कारण ती लवकर आटोपत नाही. माझ्या भावाची मुलगी, आठवीतली. मार्गिलान शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात तिच्याएवढं खणखणीत हसणारं कोणी नाही आणि, खरं सांगायचं तर, तिच्याएवढं अंगानं भरलेलंही कोणी नाही. तिचा एक चुलतभाऊ तिला ‘तंदूर’ म्हणायचा. "तंदुरात हात घालून बघ एकदा," एवढंच तिनं त्याला ऐकवलं. पुन्हा त्यानं नाव काढलं नाही.

हे अंग आलं कुठून, असं मला विचाराल तर निम्मं शाळेच्या फाटकापाशी मिळणाऱ्या तळलेल्या पुऱ्यांतून आणि रंगीत सरबताच्या बाटल्यांतून, आणि निम्मं माझ्या वडिलांच्या हातून. माझे वडील, सोतवोल्दीबुवा, म्हणजे लग्नाचा पुलाव शिजवणारे नावाजलेले आचारी. हिलोला सातव्या महिन्यात जन्मली, मुठीत मावेल एवढी. डॉक्टरांनी आशा सोडली होती, बुवांनी सोडली नाही. पहिला भात त्यांनीच बोटांनी कुस्करून तिला भरवला. पोर जगली ती आपल्या हातानं, असं ते मानतात आणि त्यावर वाद घालायची घरात कोणाची टाप नाही. तेव्हापासून ताट आलं की पहिला घास हिलोलाचा. आणि आमच्यात वडीलधाऱ्यानं हातानं भरवलेला घास नाकारणं म्हणजे चारचौघांत त्याचा हात झिडकारणं.

वसंतात दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. साखर अगदी काठावर आहे, असंच चाललं तर शाळा संपायच्या आत आजोबांचा आजार नातीला जडेल, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. बुवा रोज सुई टोचून घेतात, पण त्यांच्या ताटातली चरबी काही हटत नाही. वहिनी घरी येऊन रडत बसली. हिलोला रडली नाही. बाटल्या बंद झाल्या, शाळेत पायी जाणं सुरू झालं. राहिला तो बुवांचा घास. त्याचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. तिला मात्र सुचलं होतं.

बुवांच्या सत्तरीला अंगणात सगळं गोत जमलं. ताट आलं. बुवांनी बाही सरसावली, भात दाबून मूठभर घास केला, वर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा ठेवला.

"तोंड उघड, कोकरा."

तिनं खाल्लं. सगळे खूश. मी मान फिरवली, मला बघवेना.

मग हिलोलानं बाही सरसावली. तेवढाच घास केला, तेवढाच चरबीचा तुकडा ठेवला आणि बुवांच्या तोंडाशी नेला. नातीनं आजोबांना भरवू नये असं कुठे आहे? फक्त आजवर कोणी धजलं नव्हतं. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? बुवांनी मुकाट्यानं खाल्लं आणि हट्टानं दुसरा घास वळायला घेतला.

"द्या ना," ती म्हणाली. "जेवढा तुम्ही द्याल, तेवढाच मी देणार."

"मला दम देतेस?"

"नाही बुवा. तुमचा हात मी कधीच नाकारणार नाही. पण मला तुमच्यासारख्या सुया नकोत. आणि तुम्हीही धडधाकट राहायला हवं. माझ्या लग्नाचा पुलाव दुसऱ्या कोणी शिजवलेला मला चालणार नाही, सांगून ठेवते."

बुवा हातातल्या घासाकडे बघत राहिले. मग त्यांनी चरबीचा तुकडा ताटात परत ठेवला. भात झटकला, थोडा, मग आणखी थोडा. बोटांत चिमूटभर भात आणि गाजराची एक काडी उरली. सातमाशी पोरीला भरवला होता, तेवढाच तो घास. बुवांनी तो नातीच्या तोंडाशी नेला.

हिलोलानं तोंड मात्र पूर्वीएवढंच मोठं उघडलं.