जिभेचं टोक

ऑफस्पिनरशी माझं कधी भांडण नव्हतं. चेंडू आत येणार, पाय पुढे टाका, विषय संपला. डावखुरा फिरकीवालाही जरा दमानं घेतला तर खेळता येतो. लेगस्पिनर मात्र मला कधीच सरळ माणूस वाटला नाही. माझा मोठा भाऊ लेगस्पिनर होता, म्हणून हे हक्कानं लिहितो.

हिंगणघाटच्या एका बंद जिनिंगच्या आवारात, जिथे पूर्वी कापसाच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या, त्या सिमेंटच्या फरशीवर आम्ही खेळायचो. त्याची गुगली, म्हणजे लेगस्पिनसारखाच टाकलेला पण उलटा वळणारा चेंडू, हातावरून ओळखणं कुणालाच जमलं नाही. मला ती चेहऱ्यावरून कळायची. गुगली टाकताना त्याच्या जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. मी त्याला ते सांगितलंही होतं. तो हसला, पण जीभ काही आत गेली नाही.

तो हृदयविकारानं गेला तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. त्याच्या गोलंदाजीचा एक व्हिडिओसुद्धा आमच्याकडे नाही.

आता ती दहावीत आहे, लेगस्पिन टाकते आणि रोज संध्याकाळी मला त्याच फरशीवर बॅट घेऊन उभं करते. तिनं पहिली गुगली टाकली तेव्हा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं. माझी बॅट हललीच नाही. यष्टी पडली आणि पोरगी नाचली. पुढे कित्येक संध्याकाळी मी चेंडू खेळतच नव्हतो, तिच्या चेहऱ्यात भाऊ येण्याची वाट पाहत होतो. तो आला की भीती वाटायची. नाही आला तर जास्त वाटायची.

वहिनीही रोज फाटकाजवळ येऊन बसायच्या. क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पोरीच्या काळजीनं येत असतील, असं मी धरून चाललो.

वर्ध्याला जिल्हा संघाची निवड जवळ आली. तोवर मी तिची प्रत्येक गुगली मारायला लागलो होतो, आणि ती चिडली होती. "काका, तुमाले कसं समजून राह्यलं? खरं सांगा. तिथं बी असंच मारतीन मले."

मी काही दिवस टाळलं. सांगितलं तर तो जाणार होता, आणि नाही सांगितलं तर पोरगी हात हलवत परत येणार होती. मेलेल्या माणसासाठी जित्या लेकराला अडवतोय म्हणून स्वतःचाच संताप आला. शेवटी सांगितलं, जीभ आत ठेव. तिच्या बापाचं नाव काढलं नाही.

बापापेक्षा पोरगी शहाणी. निवडीच्या आधीच तिनं सवय मोडली. एका संध्याकाळी ओठ घट्ट मिटून तिनं चेंडू टाकला, मी लेगस्पिन समजून पाय पुढे नेला आणि मधली यष्टी उडाली. समोर फक्त शाळेत जाणारी एक खूश मुलगी होती. दुसरं कुणी नव्हतं.

ती चेंडू आणायला पळाली, तशा वहिनी उठून माझ्याजवळ आल्या.

"तिले काऊन सांगतलं, भाऊजी?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तं तेवढंच पाहाले येत होती."