चूक आली तरी पुढे चल

माझ्या धाकट्या जावेला मेमो मिळाला, त्या दिवशी तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, ओटा पुसला आणि मग तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"ताई, वाचून बघा जरा. मी वाचला, पण डोक्यात शिरत नाहीये."

मीही तो दोनदा वाचला. साठ्याची वेळोवेळी तपासणी न केल्यामुळे रुग्णाच्या जीवितास धोका निर्माण झाला, तरी आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. खाली व्यवस्थापकांची सही. सहीखाली रेघ, आणि ती रेघ इतकी जोरात ओढलेली की कागद फाटायला आला होता.

जाऊ नर्स आहे. भोरमधल्या एका छोट्या संस्थेचा दवाखाना आणि वेल्ह्याच्या बाजूला त्यांची काही उपकेंद्रं आहेत, त्यातल्या एका उपकेंद्रावर ती असते. भातकापणीच्या दिवसांत राजगडाच्या पायथ्याच्या पालीजवळच्या एका वाडीतल्या बाईंना घोणस चावली. कापणी करताना डाव्या हाताला. घरच्यांनी मोटरसायकलवर मधे बसवून त्यांना उपकेंद्रावर आणलं. जावेने कपाटातून सापाच्या विषावरची लस काढली, सवयीप्रमाणे कुपीवरची तारीख बघितली. मुदत उलटून गेली होती. दुसरी कुपी बघितली, तिसरी बघितली, सगळा खोका एकाच मुदतीचा. फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक मिनिट घालवू नका, पुण्याला हलवा. शेजारच्या जीपमध्ये त्या बाईंना आडवं करून जाऊ स्वतः सोबत गेली. बाई वाचल्या. पण मूत्रपिंडावर परिणाम झाला, बरेच दिवस डायलिसिसवर काढावे लागले, आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मग तपासणी का केली नव्हती? कारण करू नका असं सांगितलं होतं. संस्थेत सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा उपकेंद्रांना बजावलं होतं की औषधांच्या मुदती आता मुख्य दवाखान्यातून बघितल्या जातील, दर महिन्याला यादी येईल, यादीत असेल तेवढंच परत पाठवायचं, आपापली डोकी चालवून गोंधळ घालायचा नाही. यादी दर महिन्याला येत होती. त्यात कधी मलमं असत, कधी गोळ्या. ती लस मात्र एकदाही आली नाही.

आता माझं सांगते. मी पुण्यात एका कंपनीत दहाएक वर्षं हेच काम केलं. कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या शीटच्या पोटात जे छोटे प्रोग्रॅम असतात, एक बटन दाबलं की दिवसभराचं काम क्षणात करणारे, ते मॅक्रो लिहायचे आणि दुरुस्त करायचे. मुलं झाल्यावर भोरला परत आले आणि घरून कामं घेऊ लागले. वरव्याचे छोटे कारखाने, नसरापूरची दुकानं, इथली एक-दोन ऑफिसं. कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेलं असतं, लिहिणारा निघून गेलेला असतो, नवीन सॉफ्टवेअर येतं आणि बटन दाबलं की काहीच होत नाही. मग मला बोलावतात.

मेमो आला त्याच आठवड्यात संस्थेतून मला फोन आला. नवीन कॉम्प्युटर घेतलेत, औषधांची शीट चालतच नाही, बटन दाबलं की इंग्रजीत काहीतरी लिहून येतं, येऊन बघाल का? भोर केवढं! कोण कोणाची जाऊ हे इथे सांगावं लागत नाही. व्यवस्थापकांना ते आठवलं नसेल, किंवा आठवूनही काही वाटलं नसेल. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

नवरा म्हणाला, "जायचं तर जा, पण रागात जाऊ नकोस."

मी रागातच गेले.

औषधांच्या खोलीत तिथले भांडारपाल मला फाइल दाखवायला बसले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. नवीन सॉफ्टवेअरवर न चालण्याचं कारण किरकोळ होतं, ते मी चहा येईपर्यंत दुरुस्त केलं. पण मला त्यात रस नव्हता. ती लस यादीत का आली नाही, एवढंच मला बघायचं होतं. मी कोड वरपासून वाचायला घेतला.

मुळात लिहिणारा माणूस नेटका होता. तारीख टाकायला त्याने छोटं कॅलेंडर ठेवलं होतं. त्यावर बोट ठेवायचं की तारीख आपोआप भरली जायची, चुकायला जागाच नाही. पण मागच्या वेळी संस्थेने सॉफ्टवेअर बदललं तेव्हा ते कॅलेंडर बंद पडलं. नव्या आवृत्तीत तो भागच राहिला नव्हता. हे नेहमी होतं. अशा वेळी तारीख घ्यायची दुसरी सोय लिहायची असते, आणि भरलेली तारीख खरंच तारीख आहे का हे तपासायचं असतं. ते काम, भांडारपालांकडून कळलं, संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याने केलं होतं. त्याने कॅलेंडर काढलं आणि तिथे एक रिकामी चौकट ठेवली. वाटेल ते लिहा.

लशीच्या ओळीत भांडारपालांनी लिहिलं होतं, 'एप्रिल'. मराठीत. पुढे वर्ष.

मॅक्रोला ते वाचता येत नव्हतं. त्याने थांबून तसं सांगितलं असणार, चूक आल्याचा संदेश दाखवला असणार. तो संदेश वाचायचा सोडून भाच्याने काय केलं, तर सगळ्यात वर एक ओळ टाकली. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट.' म्हणजे, चूक आली तरी बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा.

ती ओळ मुळात वाईट नाही. मीही वापरते, एखाद्या फालतू कामापुरती, आणि लगेच खाली ती बंद करते. इथे ती वरपासून खालपर्यंत अख्ख्या तपासणीवर पांघरूण घातल्यासारखी पसरलेली होती. आणि पुढचं बघितल्यावर माझी कानशिलं तापली. तारीख वाचता आली नाही की मॅक्रो आधीच्या ओळीतली तारीख तशीच हातात धरून पुढे जात होता. सापाच्या लशीच्या वरच्या ओळीत सलाइनच्या बाटल्या होत्या. त्यांची मुदत पुढच्या वर्षाची. सलाइन चांगलं आहे म्हणून लसही चांगली. खाली हिरव्या रंगात, तपासणी पूर्ण.

"काय चुकलं का हो माझं?" भांडारपालांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही मराठीत महिना कधीपासून लिहिताय?"

"ती चौकट आली तेव्हापासून. मी व्यवस्थापक साहेबांना विचारलं होतं, की मराठीत चालंल का? त्यांनी स्वतः लिहून बघितलं. हिरवं आलं. म्हणाले, चालतंय की."

मी खुर्ची मागे सारून बाहेर व्हरांड्यात गेले. मला खरोखर कोणाला तरी मारावंसं वाटत होतं. व्हरांड्यात मारण्यासारखं कोणी नव्हतं. एक म्हातारी नातवाला खोकल्याचं औषध पाजत होती. मी परत आत आले.

ती ओळ खोडली. महिना आणि वर्ष निवडायची सोय केली, दुसरं काही लिहिताच येणार नाही अशी. एखादी ओळ जरी वाचता आली नाही तर हिरवं दाखवायचं नाही, थांबायचं आणि कुठे अडलं ते मराठीत सांगायचं, असं लिहिलं. मग बटन दाबलं. मॅक्रो थांबला. भांडारपालांनी तारीख दुरुस्त केली, परत दाबलं, परत थांबला. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी यादी आली तेव्हा ती एका पानात मावेना. कुत्रा चावल्यावरची लस होती. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर द्यायचं इंजेक्शन होतं. मुलांची तापाची औषधं होती.

मला वाटलं, दुरुस्त केलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये घालावी आणि घरी जावं. मेमो मागे घ्या, मग देते. तसं करायचा मला हक्क होता असं आजही वाटतं. पण यादीतली औषधं कपाटांत पडून होती आणि कोणत्याही क्षणी कोणाच्या तरी अंगात जाणार होती. भांडारपालांनी फोन लावला आणि आम्ही एकेका उपकेंद्राला यादी वाचून दाखवली. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवून मी निघाले.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी बोलावलं. व्यवस्थापक होते, भाचाही पुण्याहून आला होता.

"ताई, फार छान काम केलंत," अध्यक्ष म्हणाले. "आता एक छोटा अहवाल द्या. तांत्रिक अडचण होती, ती दूर केली, इतकंच."

"अडचण यंत्राला नव्हती. त्याने सांगितलं होतं. ह्यांनी त्याला बोलू नको म्हणून सांगितलं."

भाचा हसला. "मॅडम, ती ओळ सगळेच टाकतात. क्लायंटला एरर दिसलेला आवडत नाही."

"त्या बाईंची बोटं गेली."

"त्याचा आणि कोडचा थेट संबंध लावता येणार नाही."

व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, "तुमची जाऊ आहे, म्हणून तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे."

म्हणजे आठवत होतं तर!

"माझी जाऊ आहेच," मी म्हणाले. "नसती तरी हेच बोलले असते. फक्त इतकी ओरडले नसते." आणि मी ओरडत होते. बाहेरच्या बाकांवरचे पेशंट उठून दाराशी आले होते. अध्यक्ष पाणी घ्या म्हणाले. मी घेतलं नाही. अहवाल मी सरळ मराठीत लिहिला, कुठली ओळ, कोणी टाकली, तिने काय झालं. त्यांनी तो घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. मेमोचं काय, विचारलं तर म्हणाले, बघू.

ते काही बघत नव्हते. महिना गेला तरी मेमो तसाच होता. जाऊ जेवायची कमी झाली. एक दिवस म्हणाली, "ताई, मला पालीला जायचंय. त्यांना भेटल्याशिवाय मला बरं वाटणार नाही."

आम्ही दोघी स्कूटरवर गेलो. रविवार होता, पालीत राजगड चढायला आलेल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. त्या गर्दीतून वाट काढत वाडीवर पोचलो. बाई अंगणात पावटा सोलत होत्या. शेंग डाव्या तळहाताखाली दाबून धरायची आणि उजव्या हाताने फोडायची. जाऊ त्यांच्यासमोर बसली आणि तिला रडूच फुटलं.

"आगं बया, तू कशापायी रडती?" बाई म्हणाल्या. "गाडीत वाटंभर माजा हात धरून कोन बसलं हुतं? रडायचं तर म्या रडायचं. आन् म्या न्हाई रडत, मला लई राग आलाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुनी केलं ह्ये? मला कुनी नीट सांगत न्हाई."

मी सांगितलं. सोपं करून, पण काही न गाळता. त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजी मशीन बोलत हुती, आन् त्येनं तिचं त्वांड बंद केलं."

"हो."

"आन् मोठं सायेब काय म्हनत्यात?"

"तांत्रिक अडचण."

"आमच्यात लाईट गेली तर तांत्रिक अडचन, एष्टी आली न्हाई तर तांत्रिक अडचन. ही ऱ्हाती तरी कुटं, मला एकदा दावा." त्यांनी पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं. "म्या येते भोरला."

सोमवारी त्या खरंच आल्या, एकट्या, एसटीने. मी त्यांच्याबरोबर आत गेले. अध्यक्षांनी चहा मागवला. बाईंनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि डावा हात टेबलावर ठेवला, दोन बोटं नसलेला.

"त्या नर्स पोरीला कागूद धाडलाय तुमी. त्यो फाडा. आन् फाडला म्हनून दुसऱ्या कागदावर लिवून द्या."

अध्यक्षांनी व्यवस्थापकांकडे बघितलं. व्यवस्थापक म्हणाले की प्रक्रिया असते, समितीपुढे विषय ठेवावा लागेल. तेवढं ऐकलं आणि मी पुन्हा सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. भाच्याला काय शिक्षा झाली, हे विचारलं होतं. मेमो त्याला का नाही, हेही. बाई मात्र हात टेबलावर तसाच ठेवून होत्या. त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. जेवणाची वेळ टळली, लोक आत डोकावून गेले, त्या बसून राहिल्या. अखेर टाइप केलेला कागद आला. मेमो मागे घेण्यात येत आहे. कारण लिहिलेलं नव्हतं, दिलगिरी तर नव्हतीच.

जावेने तो कागद घेतला आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. आता ती हायवेवरच्या दुसऱ्या एका दवाखान्यात आहे. बाईंच्या बोटांबद्दल संस्थेतलं कोणी पालीला विचारायला गेल्याचं मी ऐकलं नाही.

त्या सोमवारी दुपारी मी बाईंना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागलेली होती. त्या उजव्या हाताने दांडी धरून चढल्या, खिडकीशी बसल्या आणि वाकून म्हणाल्या, "तुमी घरी जावा आता, ताई. लई वरडलाय. घसा बसंल."

तो काही बसला नाही. अजून बसलेला नाही.