मामीची किळस

मामी कुणाच्या घरी गेली की आधी आरशाखालचा कंगवा बघायची. कंगव्याचे दात काळे पडलेले असले, मुळाशी राखाडी मळ साचलेला असला आणि त्यात घरातल्या सगळ्यांचे केस गुंतलेले असले, तर त्या घरात ती पाणीसुद्धा प्यायची नाही. 'आज उपास आहे' म्हणायची. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या शेजारणींना हिचे इतके उपास कुठल्या देवाचे, हे कधी कळलं नाही. कॉलनीतली हिंदी बोलणारी पोरं मात्र तिला सरळ 'घिनवाली आंटी', म्हणजे किळस येणारी काकू, म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू दे," ती म्हणायची. "घिन येते तं येते. लपवून काय करू?"

माझे वडील रेल्वेत होते, डोंगरगडला. कॉलेजसाठी मी भिलाईत मामाकडे राहायला आले. मामा पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क, मामी माहेरची वर्ध्याकडची, आणि त्यांची एकुलती एक मंजू माझ्याहून थोडी लहान. आले त्या दिवशी पहाटे न्हाऊन, ओल्याच केसांची घट्ट वेणी घालून मी पॅसेंजर पकडली होती. दुपारी क्वार्टरवर पोचले. मामी पाण्याचा ग्लास घेऊन जवळ आली आणि थबकली. "वेणी सोड," ती म्हणाली. मला वाटलं, लाडाने म्हणते आहे. मागच्या अंगणात नेऊन तिने वेणी उकलली. आतले पेड अजून ओले होते. तिने एक पेड माझ्याच नाकाशी धरला. बादलीत विसरलेल्या पोछ्याचा असतो तसा आंबूस वास आला. तो वास माझ्या डोक्याचा होता आणि तो घेऊन मी सबंध गाडीत लोकांना चिकटून बसले होते.

"ओला मोजा घालून दिवसभर फिरशील काय?" मामीने विचारलं.

"नाही."

"मंग डोक्यावरची चामडी काय दुसऱ्याची आहे?"

त्या दिवसापासून माझं डोकं तिच्या ताब्यात गेलं. न्हाल्यावर केस टॉवेलने खसाखसा घासायचे नाहीत, टिपून घ्यायचे. वाळल्याशिवाय बांधायचे नाहीत. ओल्या केसात कंगवा घालायचा नाही, आधी बोटांनी गुंता काढायचा. मग मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात करत वर जायचं. पलीकडच्या क्वार्टरमधल्या काकू रोज सकाळी ओल्या केसांवर पंच्याचे फटके मारायच्या. तो फटाफट आवाज आला की मामी पोळी लाटता लाटता डोळे मिटून घ्यायची, जणू कुणी माणसालाच बडवत होतं.

तेलाशी तिचं वैर नव्हतं. न्हाण्याच्या आधी घटकाभर लाव आणि धुऊन टाक, एवढंच म्हणणं. पण आमच्या सगळ्या नातेवाइकांत तेल थापून तसंच चार-चार दिवस राहायची पद्धत. प्लांटकडून येणारी बारीक काळी धूळ त्या तेलावर बसायची, त्यात घाम मुरायचा, आणि मग उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा एक पिवळट, चिकट गोल उमटायचा. पाहुणे गेले की मामी तो अभ्रा दोन बोटांच्या चिमटीत धरून मोरीपर्यंत न्यायची. "तेल केसाले पायजे," ती म्हणायची, "उशीले नाही." मीही तिच्यासोबत राहून तशीच झाले. दुसऱ्याच्या उशीवर डोकं टेकवायची मला आजही शिसारी येते.

सगळ्यात जास्त तिला कशाची किळस यायची, तर संध्याकाळी पायरीवर बसून विंचरणाऱ्या बायकांची. कंगव्यात आलेल्या केसांचा त्या बोटाभोवती गुंडा करत, त्यावर थुंकत आणि रस्त्यावर फेकून देत. नजर लागू नये म्हणून. ते गुंडे वाऱ्याने लोळत आमच्या फाटकाशी येत. मामी कागदाने उचलून ते कचऱ्यात टाकायची. एकदा मात्र ती एका बाईला तोंडावर म्हणाली, "स्वतःच्या केसावर स्वतःच थुंकता, आणि मंग मले विचारता की केस कावून गळून राहिले." ती बाई पुढे वर्षभर मामीशी बोलली नाही. मामीला त्याचं काही वाटलं नाही.

मामाचं हेल्मेटही तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं. कामानिमित्त त्याला शॉपमध्ये, म्हणजे प्लांटमधल्या भट्ट्यांच्या शेडमध्ये, जावं लागायचं, आणि हेल्मेटच्या आतला कपाळपट्टा घामाने काळा व्हायचा. मामी दर रविवारी तो काढून साबणाच्या पाण्यात टाकायची. पाण्याचा रंग चहासारखा व्हायचा.

"अवो, तिथे लोखंड वितळून राहिलं," मामा म्हणायचा, "आणि तू पट्ट्यातला मळ शोधून राहिली."

"लोखंड वितळू द्या. टक्कल त्या पट्ट्याच्या जागीच पडून राहिलं, ते पाहा."

मामा खरंच आरशापुढे जाऊन पाहायचा.

मंजूवर मात्र तिचं काही चालत नसे. मंजू घरात आमच्याशीही अर्धं हिंदीतच बोलायची. सकाळी न्हायची, केस ओले असतानाच गरम स्ट्रेटनर फिरवायची, मग रबरबँडने कपाळ ओढलं जाईल इतके घट्ट बांधून, वरून स्कार्फ आवळून स्कूटीवर निघायची. घामेजलेलं डोकं संध्याकाळी उघडायचं. स्ट्रेटनरखाली केस चरचरले की पोह्याच्या वासात जळक्या केसांचा वास मिसळायचा. मामी ताट सरकवून उठायची. "घरात स्मशानाचा वास येऊन राहिला," ती म्हणायची. मंजू आरशातूनच उत्तर द्यायची, "मम्मी, सुबह-सुबह मत शुरू करो."

मंजूचं लग्न नागपूरला ठरलं. मुलगा बँकेत, घर चांगलं. मुलीचे लांब केस बघून सासूबाई खूश झाल्या होत्या. लग्नाआधी केस सरळ करून घ्यायचे म्हणून मंजू सुपेला बाजारातल्या एका पार्लरमध्ये जायला निघाली. मामी आणि मीही गेलो. मोबाइलच्या दुकानावरच्या त्या खोलीत केस सरळ करायच्या औषधाचा डोळे चुरचुरावेत असा वास होता. खुर्चीखाली आधीच्या बायकांचे केस पडले होते. ब्रशमध्ये काळे, तपकिरी, मेंदीने लाल झालेले केस एकत्र अडकलेले. पार्लरवालीने मंजूच्या गळ्याभोवती टॉवेल टाकला. तो ओलसर होता.

"हा टॉवेल कोणाचा?" मामीने विचारलं.

"सबका है, आंटी."

मामी उठली. "चल मंजू."

"मम्मी, तुम बाहर बैठो," मंजू म्हणाली.

मामी जिना उतरली आणि नालीशी वाकून ओकली. मी तिची पाठ चोळत राहिले. वर मंजूचं डोकं जळजळत होतं. "थोड़ा तो जलेगा," असं पार्लरवाली म्हणाल्याचं तिने आम्हाला नंतर सांगितलं. सुंदर दिसायचं म्हणून ती सोसत बसली होती.

आठवड्याच्या आतच तिच्या डोक्यावर फोड आले, मग त्यात पू झाला. केस मुळाशी तुटून झुबक्याने हातात यायला लागले. जवळच्या दुर्ग शहरातल्या डॉक्टरांनी डोकं पाहिलं आणि सांगितलं की औषधाने कातडी भाजली आहे, केस कापा, जखमा भरेपर्यंत डोक्यावर काहीही नको. तेल नको, क्लिप नको, विग तर मुळीच नको. हे आणखी चिघळलं तर त्या जागी पुन्हा केस येणार नाहीत.

मामीनेच अंगणात वर्तमानपत्र पसरून मंजूचे केस कापले. मंजू नंतर आरशाकडे गेली नाही.

बातमी नागपूरला कळली. सासूबाई स्वतः आल्या. त्यांनी सोबत एक डबा आणला होता. त्यात खऱ्या केसांचा विग होता, लांब, काळाभोर, मऊ. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांच्या परीने त्यांनी मार्ग काढला होता, हे मला आजही मान्य आहे. मामीने तो विग हातात घेतला, उलटा करून आतली जाळी पाहिली आणि पुन्हा डब्यात ठेवला.

"हे कोणाचे केस आहेत, ताई?"

"ते कसं माहीत असणार? चांगल्या दुकानातून आणले."

"पोरीच्या डोक्याले पू आहे. त्यावर हे चिकटवायचं?"

"एका दिवसाचा तं प्रश्न आहे. फोटो आयुष्यभर राहतात."

"डोकंही राहते," मामी म्हणाली. "मले याची घिन येते. माझ्या पोरीच्या डोक्यावर मी हे ठेवू देणार नाही."

मामा काहीतरी सावरून घ्यायला लागला, पण घिन हा शब्द पाहुणीच्या तोंडावर जाऊन बसला होता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मंग लग्न पुढे ढकलू," एवढंच म्हणाल्या. पुढे ढकललेलं लग्न काही दिवसांनी मोडलं. मुलाने एकदा मंजूला फोन केला आणि तुझ्या मम्मीला समजाव म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

"तुझ्या घिनीपायी झालं हे," मंजू मामीला म्हणाली. आणि मग तिने मामीशी बोलणंच सोडलं.

पण डोकं धुवायला तिला मामीच लागायची, कारण मला ते जमत नसे. एकदा प्रयत्न केला. कापूस लावताच खपली सुटून पिवळा पू ओघळला, आणि मी तोंडावर हात ठेवून आत पळाले. मामी मात्र रोज सकाळी अंगणात स्टूल मांडायची. मंजू पाठ फिरवून बसायची. मामी उकळून कोमट केलेल्या पाण्याने एकेक जखम पुसायची, औषध लावायची. दुसऱ्याच्या कंगव्याकडे बघून जिला मळमळायचं, ती उघड्या बोटांनी पू पुसत होती. असे बरेच दिवस गेले. मग एका थंडीच्या सकाळी मंजू म्हणाली, "पानी ठंडा है." मामीने पाणी गरम करून आणलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघी भाजी काय करायची यावर बोलत होत्या.

केस परत आले. आधी जावळासारखे, मग नीट. कानामागे रुपयाएवढी जागा मात्र कायमची उघडी राहिली. मंजूने पुन्हा कधी स्ट्रेटनर हातात घेतला नाही. तिला रायपूरला नोकरी लागली, आणि पुढे तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिने लग्न केलं. माझंही कॉलेज संपून लग्न झालं. मामा निवृत्त झाला तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं, आणि त्यांनी कुरुदला छोटं घर बांधलं.

तिथे मी मामीला शेवटची भेटले. ती थकली होती, पायऱ्या चढताना दम लागायचा. बोलता बोलता मी विचारलं, "मामी, त्या दिवशी त्या बाईला घिन येते असं म्हणाली नसतीस, तर लग्न राहिलं असतं का गं?"

"घिन नव्हती मले त्या दिवशी," ती म्हणाली. "भेव वाटून राहिलं होतं. पोरीचं डोकं सडते काय म्हणून. पण भेव वाटते म्हटलं असतं, तं सगळ्यांनी मिळून मलेच समजावलं असतं. काही होत नाही, एका दिवसाने काही होत नाही. घिन येते म्हटलं की कोणी समजवायले येत नाही."

त्याच उन्हाळ्यात ती हृदयविकाराने गेली. तेरावं झाल्यावर मंजू आणि मी कुरुदच्या घरात भांडी आवरत होतो, तेव्हा तिचं हे बोलणं मी मंजूला सांगितलं. मला वाटलं होतं, ती हादरेल. ती भांडी पुसत राहिली.

"मुझे पता था, दीदी," ती म्हणाली. "दवाई लगाते टाइम मम्मी के हाथ काँपते थे."