खोड सांगून विकायची

आमच्याकडं जनावर विकणाऱ्यानं आधी खोड सांगायची असते. बैल लाथाळ असला, जुवाखाली बसका असला, तर घेणाऱ्यानं दाव्याला हात लावायच्या आधी ते बोलायचं. लपवलं अन मागून निघालं, तर पुढच्या बाजारी बैल माघारी घ्यायचा. ह्याला कागद लागत नाही. माझ्या बापानं असा एक बैल माघारी घेतलेला मी पाहिला आहे. भर बाजारात दावं हातात घेतलं अन मान खाली घालून गावापर्यंत चालत आणला. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. ही रीत तिथं कोणी शिकवली नाही, ती बाजारातच शिकायची असते.

मोटारसायकली विकणाऱ्या एका माणसाला मी ती शिकवली. त्याला आवडली नाही, पण शिकवली.

आमची वस्ती आष्टीपासून आतल्या अंगाला. पोरगा अन सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती ऊन तापल्यावर माघारी येतात. मागं राहतो मी, माझी मंडळी अन म्हशी. रोज डेअरीला दूध घालायचं, येताना पेंड आणायची, मंडळीला दवाखान्यात न्यायचं. एसटी आमच्या फाट्यावर थांबली तर थांबली. माझी जुनी मोपेड चढ आला की मलाच ढकलायला लावायची. म्हणून एक म्हैस विकली अन जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. नवी का नाही घेतली, असं मला लई जणांनी विचारलं. नवं खोंड घेऊन त्याला शिकवत बसण्यापेक्षा वळण लागलेला बैल बरा, हे माझं मत तेव्हा होतं अन आज बी आहे.

जनावरांच्या बाजाराच्या कडेला जुन्या गाड्यांची ओळ लागते. सगळ्यात लांब ओळ ह्याची. पस्तिशीचा गडी, पांढरा शर्ट, गॉगल, बोलायला गोड. त्याच्याकडची एक काळी गाडी माझ्या मनात भरली. मी बैल बघतो तशी बघितली. भोवती फिरलो, पाठीवरून हात फिरवला, आवाज ऐकला. इंजिनाला हात लावला तर चटका बसला.

"गरम हाय की रं."

"तुमच्यासाठीच फिरवून आणली बाबा. गार गाडी कोण दाखवतं गिऱ्हाइकाला?"

मला ते पटलं. आता कोणी असं म्हटलं तर मी तिथूनच मागं फिरतो. गार गाडी एका किकला सुरू झाली तर ती खरी. गरम गाडी कोणाचीबी सुरू होते.

मी रीतीप्रमाणं विचारलं, "खोड काय हाय?"

"खोड? लेकराची आन घेऊन सांगतो बाबा, एकाच हाताखाली चाललेली गाडी हाय. खोड असंल तर बाजारात तोंड दाखवणार न्हाई."

आन घेतल्यावर मी पुढं बघितलं नाही. जनावरांच्या बाजारात कोणी लेकराची खोटी आन घेत नाही. गाड्यांच्या ओळीत घेतात, हे मला ठाऊक नव्हतं.

गाडी पहिल्या दिवसापासून जरा डाव्या अंगाला ओढायची. मी म्हटलं, नवा मालक आहे, बैल बी काही दिवस अंग चोरतो. थंडीच्या दिवसांत एका सकाळी आम्ही दोघं डेअरीला निघालो. मंडळी मागं, तिच्या मांडीवर दुधाचा कॅन. उताराला शेळी आडवी आली, मी ब्रेक दाबला, अन हँडल माझ्या हातात राहून पुढचं चाक भलतीकडंच गेलं. मी गवतात पडलो. ती खडीवर पडली.

मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. आज ती काठी घेऊन चालते, अन ज्या बाईनं सारा जन्म डोक्यावर भारा घेऊन बांध ओलांडले, तिला उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो.

फाट्यावरच्या मेकॅनिकनं गाडी बघितली. हँडल जिथं सांगाड्यात बसतं तिथला रंग पेचकसानं खरवडला. खाली वेल्डिंगचे फोड निघाले.

"बाबा, गाडीची मान आधीच तुटलेली होती. मोठ्या धडकेतली गाडी हाय. वेल्डिंग मारलंय अन वरून रंग दिलाय."

पुढच्या बाजारी मी ती गाडी टेम्पोत घालून त्याच्यासमोर उतरवली. चार माणसं जमली होती. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "खोड निघाली. माघारी घे."

तो हसला. "बाबा, बैल हाय का हा माघारी घ्यायला? गाडी हाय गाडी. एकदा फाटकाच्या भाईर गेली की तुमची."

"माझ्या बायकोचा पाय मोडला."

तेव्हा गॉगल डोक्यावर चढवून तो जे बोलला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मंग म्हातारीनं नीट धरून बसावं की!"

जमलेली माणसं हसली. मला त्यांचा राग नाही. हसण्यासारखंच बोलला होता तो. पण मी तिथंच ठरवलं, की हे वाक्य ह्याला गिळायला लावीन, अन तेबी जिच्याबद्दल बोलला तिच्यासमोर उभं करून.

लोक म्हणाले, पोलिसात जा. भाऊबंद म्हणाले, चार पोरं घेऊन जाऊ अन हाणू. हाणला असता तर त्याचे हातपाय दुखले असते, चार दिवसांत बरे झाले असते. मला त्याचा बाजार दुखवायचा होता.

वस्तीवर हौदाजवळ वाळलेला चिखल होता. मी तिथं विडी ओढत बसलो होतो, तर त्या चिखलात आमच्या गाडीचे जुने माग दिसले, पडायच्या आधीचे. पुढच्या चाकाचा एक अन त्याच्या कडेनं मागच्या चाकाचा दुसरा. पार उंबराच्या झाडापर्यंत तसेच गेलेले, शेजारी शेजारी. मी कपाळावर हात मारला. धडधाकट बैल सरळ चालला की त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो. अंगात वाकडेपण असलं की माग फाटतो. बैलाचा माग मी लहानपणापासून बघतो. गाडीचा बघायचा राहिला.

पुढच्या बाजारी मी पुन्हा टेम्पो केला. मोडकी गाडी बरोबर त्याच्या ओळीसमोर उभी केली, शेजारी पोतं टाकलं अन पाण्याची घागर घेऊन बसलो. बाजाराच्या ठेकेदाराची पावती फाडून घेतली. म्हणजे मला बी विक्रेत्याचा हक्क झाला.

तो तरातरा आला. "कावून बसलाव बाबा इथं?"

"गाडी इकायला आणलीय."

"ही? ही कोण घेणार बे?"

"तू दिलीस तवा मी घेतली की."

मग मी रीतीनं खोड सांगायला लागलो. जनावरांच्या बाजारात माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत. "मान तुटलेली गाडी हाय हो! वेल्डिंग मारून रंग दिलेली! ह्या समोरच्या शेठनं दिली, लेकराची आन घेऊन दिली! बघा, बोट लावून बघा!" माणसं यायची, बोट लावायची, अन मग त्याच्या ओळीतल्या गाड्यांच्या माना वाकून बघायची. मला आणखी काय पाहिजे?

एखादा गाडी घ्यायला उभा राहिला की मी घागर उचलायचो. मातीवर पाणी ओतायचो अन म्हणायचो, "ह्यातून सरळ काढ." दोन्ही चाकांचा एकच माग उमटला तर "पुढं बघ" म्हणायचो. दोन उमटले तर बोटानं दाखवायचो. पुढचं चाक अधर उचलून हँडल हळूहळू फिरवायचं, मधेच खटका लागला तर ती गाडी नको. मागच्या चाकाला धरून आडवं हलवायचं, डुगडुगलं तर नको. धूर निळा तर नको. रंग वास मारत असला तर का मारतो ते विचारायचं. हे मी मेकॅनिककडं बसून शिकत गेलो, पहिला पावसाळाभर. त्याला चहा पाजून पाजून.

तो काय काय बोलला! "म्हातारं सरकलंय." "ह्याला बायकोनं घरातून हाकललंय." एकदा त्याच्या माणसानं माझी घागर लाथेनं उडवली. मी पुढच्या बाजारी दोन घागरी नेल्या.

एकदा एक नवराबायको आले. ऊसतोडीवरून आलेले, बाईच्या काखेत तान्हं लेकरू. त्यांनी त्याच्याकडची लाल गाडी पसंत केली होती. मी पाणी ओतलं. नवरा लाजला, म्हणाला, "राहू द्या बाबा, शेठ चांगला माणूस हाय." बाई मात्र माझ्या मोडक्या गाडीसमोर उभी होती. तिनं वेल्डिंगवर बोट फिरवलं अन नवऱ्याला म्हणाली, "आवं, काढा की पाण्यातून. पाण्याचं काय पैसं पडत्यात?"

माग फाटला. चांगला बोटभर फाटला. बाईनं लेकरू दुसऱ्या काखेत घेतलं अन शेठकडं बघून म्हणाली, "ह्याच्यावर तुमची बायको बसवा." अन निघून गेली. त्या दिवशी त्याची एक बी गाडी गेली नाही. मला घरी आल्यावर भाकरी लई गोड लागली.

दुसऱ्या पावसाळ्यात तो एकटाच माझ्या पोत्याशेजारी येऊन उकिडवा बसला. गॉगल नव्हता. म्हणाला, "बाबा, काय पाहिजे तुमाला? दुसरी गाडी देतो. चांगली देतो. पण ही घागर उचला."

मी म्हटलं, "माझ्या घरी ये."

"घरी कशाला? इथंच पाया पडतो."

"माझ्या पायाला काय झालंय?"

आला. काय करतो न येऊन? एक चांगली गाडी घेऊन आला, तिच्यावर बसून आला. मंडळी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. तो पुढं वाकून म्हणाला, "आजी, चूक झाली. गाडी खराब गेली माझ्याकडून."

मी म्हटलं, "ते तिला माहीत हाय. बोललास ते सांग."

तो माझ्याकडं बघायला लागला. त्या वाक्यातला एक शब्द बी मी तिला कधी सांगितला नव्हता.

"काय बोलला?" तिनं विचारलं.

"सोडा की बाबा."

"मी बाजारात बसायला मोकळा हाय. अजून लई वर्षं बसीन."

तेव्हा तो जमिनीकडं बघत बोलला. सबंध बोलला. मी एक शब्द गाळू दिला नाही.

मंडळीनं हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडते का काय. ती म्हणाली, "नीटच धरलं होतं रं भाड्या. दुधाच्या कॅनला धरलं होतं. थेंब सांडू दिला न्हाई." अन मग माझ्याकडं वळून, "अन तुमी? एवढ्या दिवसांत एक गाडी आणली असती तर मला लेकीकडं दिंद्रुडला तरी जाऊन येता आलं असतं. ह्यांना बाजारात बोंबलायलाच गोड वाटतं."

ती बरोबर बोलली, पण ते दुसऱ्या माणसासमोर बोलायचं नव्हतं.

त्याला वाटलं, मिटलं. तोंडावर हसू आलं. "आजी, ही गाडी तुमच्यासाठीच आणलीय. बघा बाबा, तपासा."

मी तपासली. त्याला उन्हात उभा करून तपासली. इंजिन गार होईपर्यंत थांबलो. तोवर त्याला पाणी विचारलं नाही. मान बघितली, चाकं हलवली, साखळीचे दात बघितले, धूर बघितला. अंगणात पाणी ओतून त्यालाच गाडी त्यातून काढायला लावली. एकच माग, दोरी आखावी तसा.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"चांगली हाय," मी म्हटलं. "घेऊन जा."

मंडळीनं कपाळाला हात लावला. तो तसाच उभा. शेवटी किक मारली अन गेला.

त्याच महिन्यात मी एका बदली होऊन चाललेल्या ग्रामसेवकाकडून गाडी घेतली. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "बाबा, पावसात पटकन सुरू होत नाही बरं का. प्लग पुसावा लागतो." मी तिथंच रुमाल काढून त्याच्या हातावर पैसे ठेवले. मंडळी तिच्यावर बसून दिंद्रुडला जाऊन आली. मी हळू नेली. सारा रस्ता ती मला हळू नेतो म्हणून बोलत होती.

बाजारात मी अजून बसतो. मोडकी गाडी भंगारात घातली, पण पोतं अन घागर नेतो. तो बी येतो, त्याला पोटाला दुसरा धंदा नाही. आता गिऱ्हाईक उभं राहिलं की आधी खोड सांगतो. "मागचं टायर बदलावं लागंल." "हिचं इंजिन एकदा उघडलंय." मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतो अन माझ्याकडं बघतो.

मी मान हलवत नाही. पाणी ओततो.