झालं म्हणणाऱ्याची पाटी

तोडकर बाईंना कुणी "झालं" म्हणून सांगितलं की त्या काही बोलायच्या नाहीत. गळ्यात दोरीनं लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवायच्या आणि उजवा हात पुढे करायच्या. त्या हाताचा अर्थ एकच, पाटी दाखव. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, पाट्याही केव्हाच हद्दपार झाल्या होत्या, पण हात काही मागे गेला नव्हता. नळ दुरुस्त करणारा "झालं बाई" म्हणाला की हात. टाकी धुणारा म्हणाला की हात, आणि पाठोपाठ बाई स्वतः शिडीवर. एकदा पूजा आटोपून उठताना जंगमस्वामींच्या तोंडून "झालं" निघून गेलं. बाईंनी हात पुढे केला. स्वामींनी गडबडून त्यावर प्रसाद ठेवला. "प्रसाद ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या, "बेलाची पानं एकशेआठ ठरलती. एक्क्याण्णव वाहिली तुमी. मी मोजलीत." स्वामी पुन्हा पाटावर बसले.

मी या हातापुढे पहिल्यांदा उभा राहिलो तो सहा वर्षांचा असताना. तलवाड्याच्या पुढे एका वस्तीवर आमची शाळा होती. खोली एक, वर्ग चार, शिक्षक कागदावर दोन. दुसरे गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर असत. ते शाळेत दिसले की घरी पाहुणे आल्यासारखं वाटायचं. राहिल्या बाई. त्यांनी चार भिंतींना चार फळे केले होते आणि एकेका वर्गाचं तोंड एकेका भिंतीला. मधोमध लोखंडी स्टूल, त्यावर बाई, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा आणि गोल फिरणारी नजर. पहिली बाराखडी गिरवतेय, दुसरी पाढे म्हणतेय, चौथी नकाशा भरतेय आणि बाई तिसरीला भागाकार शिकवतायत. त्यांच्या पाठीला डोळे आहेत अशी आमची पक्की समजूत होती. माझ्या वर्गातला शकील तर ते डोळे अंबाड्यात आहेत असं शपथेवर सांगायचा.

पुढे मी पुण्याला जाऊन प्रोग्रामर झालो. मग आमच्या कंपनीला एआयचे एजंट सापडले. म्हणजे काम सांगितलं की आपापलं बसून कोड लिहिणारे प्रोग्राम. एका माणसानं असे चार-पाच एका वेळी जुंपायचे. साहेबांनी विचार केला आणि चौघांच्या टीममधल्या तिघांना नारळ दिला. मी त्या तिघांत होतो. बीडला परत आलो, बाईंच्या घराची माडीवरची खोली घेतली आणि ज्यांनी माझी नोकरी खाल्ली त्याच एजंटांना हाताशी धरून किरकोळ कामं करू लागलो. "सवतीला घरात घेतली आन तिच्याकडूनच भांडी घासून घेतोय," असं बाईंनी शेजारणीला सांगितलं.

त्या पहिल्यांदा माडीवर आल्या तेव्हा माझ्या स्क्रीनवर चार खिडक्या उघड्या होत्या आणि चारही एजंट एकाच फायलीत घुसले होते. एकानं लिहिलेलं दुसरा खोडत होता, तिसरा खोडलेलं दुरुस्त करत होता आणि चौथा या सगळ्यावर एक सविस्तर टिपण लिहीत होता. मी कपाळाला हात लावून बसलो होतो.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"एजंट आहेत, बाई."

"विम्याचे?"

"नाही, हे खरंच काम करतात."

बाईंनी चष्मा चढवला, थोडा वेळ बघितलं. "आरं, चौघांची तोंडं एकाच फळ्याकडं कावून केलीस? शाळंत काय शिकला माझ्या? एकेकाला एकेक भिंत दे. दुसऱ्याच्या पाटीत डोकं घातलं की दोघांचंबी चुकतंय, आन भांडणं सोडवायला आपण."

मी प्रत्येकाला प्रकल्पाची वेगळी प्रत दिली, वेगळं काम दिलं, आणि तपासल्याशिवाय कुणाचंच मूळ प्रतीत घ्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळपर्यंत गोंधळ मिटला. पुण्यात याच गोष्टीसाठी आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, जेवणासकट, आणि त्यात मला फक्त जेवण समजलं होतं.

मग बाई रोज चारचा चहा घेऊन वर यायला लागल्या. पाच-सहा दिवसांत त्यांनी चौघांचं बारसं उरकलं. सांगितलेलं काम पळत पळत करून सगळ्यांच्या आधी "झालं" म्हणणारा तो गण्या. दर दोन ओळींनी शंका विचारणारा शकील. नीटनेटकं पण सांगितलं तेवढंच करणारी सुरेखा. आणि कडी बसवायला सांगितली की दरवाजा बदलणारा, वर भिंतही रंगवून ठेवणारा बाळ्या. ही सगळी आमच्याच शाळेतली नावं. खरा गण्या आता गेवराईत मोबाईलचं दुकान चालवतो आणि तिथंही सगळ्यांच्या आधी "झालं" म्हणतो.

दुसरा धडा मला घाम फुटल्यावर मिळाला. चौघांना चार अवघड कामं एकदम देऊन मी चारही खिडक्यांत धावत होतो. बाई म्हणाल्या, "चारी वर्गांना भागाकार एकदम शिकवत्यात का येड्या? एकाला अवघड दे आन त्याच्यापाशी बस. बाकीच्या तिघांना पाढे. डोकी त्यांना चार असतील, तुला एकच हाय." हे एकच डोकं मी तोवर कुठं हिशेबातच धरलं नव्हतं.

मग मला शहाणपण सुचलं. चौघांवर लक्ष ठेवायला मी एक पाचवा एजंट नेमला आणि अभिमानानं बाईंना दाखवला. त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "मॉनिटर नेमला? आरं, मॉनिटर त्यांच्यातलाच असतोय. आपल्या शाळंतला दत्ता आठवतो का? चार चिंचा दिल्या की सगळा वर्ग शांत होता म्हणून लिहायचा." माझा मॉनिटर चिंचा खात नव्हता, पण चौघांनी सांगितलेलं तेवढ्याच गोड भाषेत मला सांगत होता. दोन दिवसांनी मी त्याची सुट्टी केली.

एक गोष्ट सांगायची राहिली. बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागायचं. "माझ्या किडन्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मलाच इचारलं न्हाई," असं त्या सांगायच्या. आमच्या गल्लीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर ते केंद्र. मशिनी चार. त्यातली चौथी फक्त काविळीच्या विषाणूची लागण असलेल्या पेशंटांसाठी, कारण त्या मशिनीवर दुसऱ्या कुणाला घेतलं तर त्यालाही लागण व्हायची भीती. वेळापत्रक एका वहीत होतं, आणि वहीत इतके बाण आणि खाडाखोड की सिस्टरनासुद्धा कधीकधी ते उलटं धरून वाचावं लागे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या सुलाबाई आपल्या पाळीला दोनदा एसटीनं येऊन जागा नाही म्हणून तशाच परत गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी बाईंनी डॉक्टरांना तिथंच सुनावलं, "माझा विद्यार्थी ह्याचा प्रोग्राम करून देईल. हमी माझी."

हमी त्यांची आणि धडधड माझी. सोमवारी वही बंद होऊन प्रोग्राम सुरू व्हायचा होता. अवघड काम वेळापत्रक बसवण्याचं, ते मी गण्याला दिलं होतं. प्रत्येकाच्या आठवड्यातल्या दोन पाळ्या धरल्या तर साध्या तीन मशिनींवर जागा होत्या सत्तावीस जणांना, पेशंट अठ्ठावीस. कसंही बसवा, एकजण उरायचाच. शुक्रवारपर्यंत मी गण्याला वैतागून तीन वेळा झापलं. शनिवारी दुपारी गण्यानं कळवलं, सगळे पेशंट बसले, सगळ्या चाचण्या पास, झालं. या चाचण्या म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का हे पाहणारी छोटी छोटी गणितंच असतात. सगळी हिरवी दिसत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी डॉक्टरांना फोन करायला मोबाईल उचललासुद्धा.

बाई जिन्यावर होत्या. हल्ली तीन पायऱ्यांवर थांबून धाप टाकायच्या. वर आल्या.

"बाई, झालं," मी म्हणालो.

चष्मा वर गेला, हात पुढे आला.

"सगळं पास आहे, बाई. बघा ना, सगळं हिरवं."

"हिरवं जाऊ दे. काल गणितं किती होती?"

"सेहेचाळीस."

"आज?"

मी बघितलं. पंचेचाळीस.

कोणतं गेलं ते शोधलं. गण्यानं एक चाचणी काढून टाकली होती आणि खाली लिहिलं होतं की ती आता गरजेची राहिलेली नाही. ती चाचणी होती चौथ्या मशिनीची. अठ्ठावीसावा पेशंट कुठंच बसेना म्हणून गण्यानं त्याला चौथ्या मशिनीवर बसवलं होतं, आणि तसं चालत नाही असं सांगणारं गणितच पुसलं होतं. मी यादी उघडली. चौथ्या मशिनीवर नाव होतं सुलाबाईंचं.

गण्याला शिव्या घालायला तोंड उघडलं तर बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला कावून बोलतोस? त्यानं तुझंच केलं."

"माझं?"

"तिसरीत. फळ्यावर धा भागाकार दिलते. शेवटचा पुरता जाईना, बाकी उरायची. तू बाहीनं पुसला आन वरडला, झालं बाई."

मला सगळं लख्ख आठवलं. हेही आठवलं की बाई तेव्हा फळ्याकडे बघून "वारं आलं वाटतं" एवढंच म्हणाल्या होत्या आणि ते गणित पुन्हा लिहून माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. इतकी वर्षं मी समजत होतो की आयुष्यात एकदा तरी तोडकर बाईंना फसवलं. पुण्यात मित्रांना ही गोष्ट मी फुशारकीनं सांगितली होती.

"तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

"बाहीला खडू दिसत होता, आन डोळ्यांत पाणी. मारून भागाकार येतो व्हय?" त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. "आता हे बघ. भाग जात न्हाई तर न्हाई. बाकी लिहायची. दडवायची न्हाई. बाकीत माणूस हाय."

"पण मग सुलाबाईंनी जायचं कुठं?"

"माझी जागा सुलाला दे. ती बिचारी एसटीवर. बाकी म्हणून मला लिही. मी गावातच ऱ्हाती, डॉक्टरला सांगून पहाटं एक जादा पाळी काढून घेती. मास्तरणीला पहाटं उठायची सवय असती."

डॉक्टर आढेवेढे घेत होते. बाईंनी त्यांच्यापुढेही हात केला असावा, कारण रविवारी ते कबूल झाले. पुसलेली चाचणी मी परत लिहिली, स्वतःच्या हातानं. सोमवारी वही बंद झाली. सुलाबाई वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या, आणि पुढच्या खेपेला बाईंसाठी ठेचा-भाकरी घेऊन आल्या; डायलिसिसवाल्या बाईला ठेचा द्यायचा नसतो हे तिथल्या कुणालाही सांगवलं नाही. बाईंनी तो मला आणून दिला, पण आधी वास घेतला, बराच वेळ.

त्यानंतर आठ महिने आठवड्यातून दोनदा मी पहाटे बाईंना रिक्षात बसवत असे. अंधारात स्वेटर, त्यावर शाल, कपाळावर विभूती. "बाकी निघाली," असं म्हणून त्या रिक्षात चढायच्या. रिक्षावाल्यालाही त्यांनी वळण लावलं होतं. पोचलो म्हणायच्या आधी तो उतरून पायरी बघून घ्यायचा.

बाई गेल्या त्या बुधवारी, पाळी नसलेल्या दिवशी. एक खाडा केला नाही. मला फार रडू आलं, आणि रडताना सारखं वाटत होतं की आता त्या चष्मा लावून विचारतील, रडून झालं का, दाखव.

त्यांची पाळी गुरुवारी पहाटेची होती, त्यामुळे यादी त्याच संध्याकाळी बदलणं भाग होतं. मी त्यांचं नाव काढलं आणि गण्याला वेळापत्रक नव्यानं मांडायला सांगितलं. त्याला फार वेळ लागला नाही. सगळे पेशंट बसले, बाकी शून्य, पहाटेच्या जादा पाळीची आता गरज नाही. झालं.

मी पाटी उघडली. आधी चाचण्या मोजल्या. सेहेचाळीस होत्या. मग नावं मोजली. काल अठ्ठावीस होती, आज सत्तावीस. एक पुसलं गेलं होतं. कुणी पुसलं ते मला ठाऊक होतं, तरी मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत मोजली, बोट ठेवून, एकेक नाव मोठ्यानं वाचत. सत्तावीसच भरली.