अकराव्या मजल्यावरची अमेरिका

गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ लक्षात आहे, कारण कुकरची तिसरी शिट्टी व्हायला आणि शाळेतून फोन यायला एकच गाठ पडली. किस्से असे एकेक करून साठत जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. परवा खाली बाकावर बसून मैत्रिणींना सांगायला लागले, तर सांगता सांगता संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

तर फोन. माझी रिया पाचवीत. ह्यांची कंपनी फी भरते म्हणून अमेरिकन शाळेत घातलीय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सिन्नरला, मराठीत. मिस इंग्रजीत भराभर बोलत होत्या आणि मी "यस मिस, ओके मिस" करत होते. फोन ठेवल्यावर रियाला विचारलं, काय म्हणाल्या गं?

ती म्हणाली, "ममा, यू सेड ओके टू एव्हरीथिंग!"

मी कशाकशाला ओके म्हटलं ते मग हळूहळू कळलं. अमेरिकेच्या इतिहासात पोरगी नापास होती. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा, ती पालकांच्या समोर. त्यात जमलं नाही तर पुन्हा पाचवी. माझं सातवीत थांबलं, हिचं पाचवीत अडकलं तर? आणि मी घरी बसून शिकवणार तरी काय? अमेरिकेत पहिला राजा कोण झाला, हेही मला माहीत नव्हतं.

"देअर वॉज नो किंग, ममा," रिया म्हणाली. एवढं तिला येत होतं, हे बघून जरा बरं वाटलं.

*

दुबईला लागूनच असलेल्या अल नहदामधल्या आमच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर सुलभाकाकू राहतात. पुण्याला शाळेत इतिहास शिकवायच्या, आता मुलाकडे असतात. मी लिफ्टमध्येच रडकुंडीला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, रविवारपासून पाठव. पण एक अट. आईनेही बसायचं.

त्यांच्या क्लासची पद्धत जगावेगळी. पुस्तक मिटलेलं, आणि प्रत्येक आईला एक देश. चौथ्या मजल्यावरची शिल्पा झाली इंग्लंड, सहाव्या मजल्यावरची अनघा झाली फ्रान्स. दोघी पदवीधर, दोघींचा बिल्डिंगमध्ये दरारा. मला काकू म्हणाल्या, "वैशाली, तू अमेरिका. बिल्डिंगमध्ये सगळ्यात नवी तूच."

मी म्हटलं, काकू, मला काही येत नाही हो.

"त्यांनाही काही येत नव्हतं. नवीनच होते."

मग त्यांनी सांगितलं, की अमेरिकेचे पहिले अध्यक्ष पायउतार होताना देशाला बजावून गेले: सगळ्यांशी व्यवहार ठेवा, गोड बोला, पण कुणाच्याही दावणीला कायमचं बांधून घेऊ नका. माझ्या तोंडून निघून गेलं, अहो, सासरी पाठवताना माझी आई हेच म्हणाली होती! क्लासला आलेली चारही पोरं हसली. रियाही हसली. त्या फोननंतर पहिल्यांदाच.

*

मग आले गणपती. शिल्पा म्हणे आरती सातला. अनघा म्हणे आठला, तिचा नवरा दुबईहून ट्रॅफिकमधून येतो. ऐकेना कोणी. शेवटी दोघींनी आपापल्या घरी वेगळी आरती ठेवली, आणि मोदक दोन्हीकडे माझेच.

मी अमेरिका. दोघींशी व्यवहार ठेवायचा. डबा घेऊन सहाव्या मजल्यावर निघाले, तर चौथ्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर शिल्पा. "कुणीकडे? आधी इकडे ठेव," म्हणत डबा घेऊन गेलीसुद्धा. दुसरा डबा भरून जिन्याने गेले, तर अनघाने दारातच अडवलं. खालचा डबा परत आण, मग हा घेते, म्हणाली.

मला आला राग. म्हटलं, खलास, आता मोदक कुणालाच नाही! घरी येऊन गॅस बंद केला आणि परात झाकून ठेवली.

दोघींचं काय अडलं? काही नाही. त्यांनी लुलू सुपरमार्केटमधून पेढे आणले. आम्ही मात्र सकाळ-संध्याकाळ मोदक खात होतो. तिसऱ्या दिवशी रियाने ताटली सरकवली. "ममा, युवर एम्बार्गो इज हर्टिंग ओन्ली अस."

एम्बार्गो म्हणजे काय, ते मला रविवारी कळलं. इंग्लंड आणि फ्रान्स दोघे अमेरिकेची जहाजं अडवत होते, म्हणून अमेरिकेने रागाने स्वतःचाच व्यापार बंद केला, आणि माल आपल्याच बंदरात कुजत ठेवला. काकू म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या देशाचे अध्यक्ष चुकले, तू मोदकाचं काय घेऊन बसलीस?"

शिल्पाने माझा डबा परत दिला. धुऊन, आत पेढे घालून.

*

विसर्जनाच्या दिवशी ढोलकी जरा जोरात वाजली असेल. वॉचमन वर आला आणि ढोलकी उचलून म्हणाला, "मॅनेजमेंट बोला, म्युझिक बंद. यल्ला, यल्ला, जल्दी."

तोवर आमच्यात नागपूरकर वेगळे, पुणेकर वेगळे, कोकणातले वेगळे. वरणात गूळ घालायचा की नाही, यावरून बोलणं बंद होण्यापर्यंत मजल गेलेली. पण त्या क्षणी सगळे एका रांगेत उभे राहिले. अनघा सगळ्यांत पुढे, आणि तिच्या शेजारी शिल्पा! आरती झाली, फक्त टाळ्यांवर. ढोलकी काही परत मिळाली नाही.

काकूंनी तेही धड्याला जोडलं. १८१२ साली इंग्लंडशी लढाई झाली. हाती नवीन काहीच पडलं नाही. पण आधी जो तो आपापल्या राज्याचं नाव सांगायचा, तो लढाईनंतर म्हणायला लागला, आम्ही अमेरिकन.

"ढोलकी गेली म्हणून आपण एक झालो का?" रियाने विचारलं. मराठीत विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, नुसती मान डोलावली आणि पुढचं शिकवायला घेतलं. या बाईंना कुठे थांबायचं ते कळतं.

*

शेवटचा धडा पाचव्या अध्यक्षांचा. त्यांनी सगळ्या युरोपला सांगून टाकलं: तुमच्या भांडणात आम्ही पडत नाही, आमच्या बाजूच्या जगात तुम्ही नवीन पाय ठेवायचा नाही. जे आधीपासून तुमच्या ताब्यात आहे, ते राहू दे. काकू म्हणाल्या, अमेरिकेचं स्वतःचं आरमार एवढंसं. पण समुद्रावर ब्रिटनचं मोठं आरमार होतं, आणि ब्रिटनलाही बाकीचे तिकडे नकोच होते. ब्रिटनला स्वतःला तिथे व्यापार करायचा होता.

त्याच सुमारास सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी माझा वरचा कप्पा रिकामा करून त्यात त्यांच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या डब्याची जागा बदलली. तिसऱ्या दिवशी चहातली साखर बंद, सगळ्यांची. सासूबाईंना कपात दोन चमचे लागतात. त्या सोफ्यावर कप हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी जाऊबाईंनी फ्रिज उघडला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी हात पुसून म्हटलं, "वहिनी, तुमच्या घरात मी कधी बोलले नाही. वरचा कप्पा घेतलात, तो तुमचाच. पण आता नवीन कप्पा नाही."

जाऊबाईंचं तोंड उघडलं, आणि सोफ्यावरून सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. वैशाली, चहा टाक गं. माझा."

फ्रिज बंद झाला. रिया दारात उभी होती, पाण्याची बाटली हातात.

*

परीक्षेच्या दिवशी मी मागच्या रांगेत, रियाचा स्वेटर मांडीवर घेऊन. एसी गार होता, पण ती घालेना. मिसनी विचारलेलं ती सांगत गेली, बरं चाललं होतं. मग मिसनी विचारलं, नवीन देश, आरमार एवढंसं, मग सगळ्या युरोपला असं ठणकवायची हिंमत आली कुठून? एवढं इंग्रजी मला समजलं, कारण तोच प्रश्न मला जाऊबाईंच्या वेळी पडला होता.

मिस घड्याळाकडे बघू लागल्या. मी स्वेटर पिळून काढला. तेवढ्यात रियाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि परत मिसकडे.

"बिकॉज आजी वॉज ऑन द सोफा."

सगळे पालक बघायला लागले. मिसनी चष्मा काढला. "हू इज आजी?"

"ब्रिटन," रिया म्हणाली.

मिसनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "टेल मी."

आता एक विनंती. सासूबाई सिन्नरला परत गेल्यात आणि त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. तुमच्यापैकी सुट्टीत तिकडे कुणी जाणार असेल, तर त्यांना जवळ बसून सांगा, की रिया सहावीत गेली. आणि चहात दोन चमचे साखर घातलीय ना, तेवढं बघून या.