गरम खायचं, बसून खायचं

धिरड्यांचं आणि किश्श्यांचं एकच असतं. पहिलं तव्याला चिकटतं, उचलता उचलत नाही. पण एकदा का तवा तापला, की अशी चळत लागते की खाणारा दमतो. आमच्या ओट्यावरचे किस्से असेच साठत गेलेत. एक सांगायला घ्यावा, तर खालचा दुसरा त्याला चिकटून वर येतो.

आमचा ओटा म्हणजे वालूरमधल्या माझ्या शिलाईच्या दुकानापुढचा ओटा. तोंड पूर्वेला, त्यामुळं गल्लीतलं पहिलं ऊन इथं. हिवाळ्यात परभणीच्या थंडीची बातमी अख्ख्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरत असते, तेव्हा आम्ही चौघी इथं शेगडी पेटवून नाश्ता करत असतो. चौघी म्हणजे मी सुनंदा, ब्लाऊज शिवणारी. रुक्मिणमावशी, शेती मोठी आणि आवाज तिच्याहून मोठा. बांगड्या भरणाऱ्या नसीमआपा. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शारदाकाकू. त्यांच्या घराला पुढून किराणा दुकान, ते त्यांच्या नवऱ्याचं, आप्पांचं.

हे सगळं सुरू झालं ते काकूंमुळं.

*

शाळेत तपासणी शिबिर भरलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. काकूंचे डोळे बघितले, नखं बघितली, काट्यावर उभं केलं आणि डॉक्टरीणबाईंचाच चेहरा उतरला.

"काकू, अंगात काही उरलंच नाही तुमच्या. पुढच्या शिबिरात वजन वाढलेलं दिसलं नाही, तर परभणीला दवाखान्यात भरती करावं लागेल."

काकूंनी पदर सावरला. "मी भरती झाल्यावर आप्पांच्या भाकरी कोण थापंल?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग आम्हा सगळ्यांनाच सांगायला घेतलं. थंडीत सकाळी गरम खा, पोटभर खा, प्रोटीन खा.

"ते कुठं भेटतंय?" रुक्मिणमावशींनी मागून विचारलं.

"तूर, मूग, हरभरा, मटकी, शेंगदाणे..."

मावशी उठूनच उभ्या राहिल्या. "अवो बाई, हे तर आमी ट्रॅक्टर भरभरून विकायलोत!"

घरी येताना जिनं तिनं आपला नाश्ता आठवून बघितला. बायकांचा नाश्ता म्हणजे काय, तर सगळ्यांचं झाल्यावर रात्रीची भाकरी, चहात बुडवून, उभ्या उभ्या. ओट्यापाशी आल्यावर नसीमआपा म्हणाल्या, "कल से सब इधरच आना. गरम खायचं, बसून खायचं. बाकी कुछ नहीं." आमच्या मंडळाचा एवढाच कायदा. रोज एकीचा नंबर. आधी बारवेपर्यंत चालून यायचं, मग शेगडी पेटवायची.

*

पहिल्याच आठवड्यात मावशींनी मटकीच्या उसळीची घोषणा केली. पण कडाक्याच्या थंडीत मटकीला मोड येतात होय? फडक्यात बांधली, डब्यात ठेवली, चुलीपाशी ठेवली. मटकी आपली ढिम्म.

मावशी हार मानणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी फडक्याचं गाठोडं सरळ गोधडीत घेतलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बारवेकडून परतलो, तर मावशींचे मालक गणपतराव माझ्या ओट्यावर येऊन बसलेले. अंगावर दोन घोंगड्या, कानाला मफलर, डोळे लाल.

"काय झालं, दाजी?"

"झोपंत लोळलो ओ जरा. मटकी दबली म्हणून मला वसरीत काढलंय. दोन दिस झाले, तिथंच झोपायलोय." मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, मोड आले का बगा की एकदा. आले असतील तर मला आत घे म्हणावं."

मोड मात्र असे लांब आले होते! उसळ झाली, त्यात पहिली वाटी दाजींना.

*

आता नसीमआपांच्या अंड्यांचं ऐका.

आपा रोज घरून दोन अंडी उकडून आणायच्या. स्वतःपुरती. काकूंचं घर लिंगायत, अंड्याचं नावसुद्धा निघत नाही, म्हणून आपा ओट्याच्या पार टोकाला तोंड फिरवून खायच्या. काकूही दुसरीकडं तोंड फिरवायच्या. दोघींचं हे इतकं बिनबोभाट चालायचं की आम्हाला बाकीच्यांना कळायचंसुद्धा नाही.

एके दिवशी पहाटे चालताना काकूंचे हात पार गारठले. आपांनी अंधारात त्यांचा हात धरला आणि आपल्या स्वेटरच्या खिशात घातला. काकू बारवेपर्यंत गेल्या, परत आल्या, हात खिशातच. "आपा, तुमच्या खिशात लय ऊब हाय ओ," असं दोनदा म्हणाल्या.

ओट्यावर बसल्यावर आपांनी त्याच खिशातून अंडं काढलं आणि ओट्याच्या कडेवर फोडलं.

काकूंनी अंड्याकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं. उलटा करून बघितलं, सुलटा करून बघितलं. आपांचा चेहरा रडवेला.

"मी खाल्लं तर न्हाई ना?" काकू म्हणाल्या. "शेकलं तर चालतंय."

दुसऱ्या दिवशी आपांनी बिचाऱ्यांनी अंडी घरीच ठेवली. बारवेच्या वाटेवर काकूंनी न विचारता त्यांच्या खिशात हात घातला, चाचपला आणि म्हणाल्या, "आज कामून आणले न्हाईत?"

*

आमचे हे सेलू ते देवगाव फाटा जीप चालवतात. पॅसेंजरच्या तोंडून ऐकलेलं त्यांना वेदवाक्य. कुणीतरी सांगितलं म्हणून परभणीहून प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आले. डबा केवढा, तर आमच्या पिठाच्या डब्याएवढा! वरती एका पैलवानाचं चित्र, चव चॉकलेटची.

चौघींनी एकेक घोट घेतला. काकूंनी डोळे मिटून गिळला आणि विचारलं, "हे औषध हाय का शिक्षा हाय?"

टाकायचं जिवावर आलं. शेवटी मावशी डबा घेऊन गेल्या आणि रोज मूठभर म्हशीच्या आंबोणात घालायला लागल्या. आठवड्यानं मी विचारलं, "मावशी, दूध वाढलं का?"

"दूध हाय तेवढंच हाय," मावशी म्हणाल्या. "पण म्हैस आता माझ्यासंगं बोलंना झालीय. आन त्या पैलवानावानी छाती काढून चालायलीय."

*

एवढं सगळं झालं, पण जिच्यासाठी मांडलं तिच्या पोटात काही जाईना.

त्याचं कारण होती घंटी. काकूंच्या घरात पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात पाणीसुद्धा घेत नाही. काकू अंधारातच आपली पूजा उरकून चालायला यायच्या. आप्पांची पूजा सावकाश. अंघोळ, भस्म, तळहातावर लिंग, बेल, आणि शेवटी घंटी. घंटी वाजली की काकूंनी पहिली भाकरी तव्यावर टाकायची. लग्न झालं तेव्हापासूनचा रिवाज. आप्पांना भाकरी तव्यावरून ताटात लागते. जरा निवली तर बोलत नाहीत, नुसती ताटात बाजूला सारतात. आप्पांचं झालं की दुकानातल्या माणसाचं, मग कुणी आलंगेलं, आणि मग काकू. तोवर सगळं गार.

आमची शेगडी पेटायची, तवा तापायचा, पहिलं धिरडं उलटायचं, आणि भिंतीपलीकडं किणकिण किणकिण! काकू ताटलीवरून अशा उठायच्या, जशी शाळेची घंटा झाली. एकदा तर धिरडं तोंडात कोंबून पळाल्या आणि जीभ भाजून घेतली.

मावशींनी उपाय सुचवला. "घंटीतला लोलकच काढून ठिवा. वाजवतील अन् वाजवतील, कंटाळून उगी बसतील."

"पाप लागंल," काकूंनी दोन्ही कान धरले.

आपा म्हणाल्या, "मैं जाके बोलती आप्पा को."

"नगं आपा. माझ्या तोंडाला गारचीच सवय हाय. माझं डब्यात द्या, मी मागून खाते."

मग रोज काकूंचा वाटा डब्यात जायला लागला. मुगाची धिरडी, हरभऱ्याच्या घुगऱ्या, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी. डबा दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून परत. आम्ही खूश. चला, पोटात तर चाललंय!

*

थंडी मध्यावर आलेली, तेव्हा एका दुपारी आप्पा स्वतः दुकानात आले. आप्पा कधी माझी पायरी चढत नाहीत. कपाळावर भस्माची तीन बोटं, हातात कापडी पिशवी.

"ही माझी बंडी," ते म्हणाले. "दोन्हीकडून जरा सोडायची हाय. गुंडी लागंना झालीय."

मी बंडी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत खाली आणखी काहीतरी होतं.

"ते हिचं ब्लाऊज. ते आत घ्यायचंय म्हणली."

मी ब्लाऊज बंडीशेजारी पसरलं. आत्ता दिवाळीला शिवून दिलेलं, मधे एकदा आत घेऊन झालेलं. मला तेव्हा लख्ख कळलं की आमची धिरडी, घुगऱ्या आणि आमटी रोज कुणाच्या ताटात पडत होती. मला रागही आला आणि हसूही आलं.

"आप्पा, आमच्या ओट्यावरचा डबा कसा असतो ओ?"

"लय झकास!" आप्पा खुलले. "ही रोज गरम करून वाढती. परवाची आमटी तर..."

"मग काम सोपं हाय," मी म्हणाले. "ब्लाऊजचं काढते आन बंडीला जोडते."

आप्पा हसले. मोठ्यानं हसले. मग त्यांची नजर टेबलावर गेली. एकीकडं उसवायला आलेली बंडी, एकीकडं ते मूठभर ब्लाऊज. हसू तिथंच थांबलं.

ब्लाऊजकडं बोट करून म्हणाले, "ती तुमच्यात बसून खात न्हाई का?"

"कवा खाणार? आमचा तवा तापायला आन तुमची घंटी वाजायला एकच गाठ पडतीय."

आप्पांनी बंडी माझ्याकडंच राहू दिली. ब्लाऊजची मात्र नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पायरी उतरता उतरता म्हणाले, "हे आत घेऊ नका. राहू द्या तसंच."

मी ही गोष्ट कुणाला बोलले नाही. आप्पा त्यावर काही करतील असं मला तरी वाटलं नव्हतं.

*

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अशी थंडी पडली की ओट्यावर बसवेना. बादलीतलं पाणी हाताला चावत होतं. त्या दिवशी नंबर काकूंचा. हिरव्या मुगाचं पीठ, त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची. शेगडी आज लवकर पेटली.

काकूंनी पहिलं धिरडं आपांना वाढलं, दुसरं मावशींना, तिसरं मला. स्वतः शेगडीपुढं, एक पाय चपलेत, कान भिंतीला.

घंटी वाजली नाही.

"घंटी वाजंस्तोर बसा तरी," मावशींनी त्यांच्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि तव्यावरचं धिरडं त्यांच्याच ताटलीत टाकलं.

काकू टेकल्या. अगदी ओट्याच्या कडेला, उठायच्या बेतानं. पहिला घास तोडला आणि बोटं झटकली. "लय गरम हाय की," त्या तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या. फुंकर मारली, खाल्ला. दुसरा घास. तिसरा. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि कान चौघींचे भिंतीकडं.

धिरडं संपलं. मावशींनी दुसरं टाकलं. काकूंनी चपलेतला पाय काढून घेतला आणि मांडी घातली. ऊन आता त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. नाकाला पाणी, डोळ्याला पाणी, मिरचीनं असेल नाहीतर वाफेनं. इतक्या वर्षांत मी त्यांना मांडी घालून खाताना पहिल्यांदा बघत होते. मला फार बरं वाटत होतं.

दुसरं निम्मं झालं आणि काकूंचा हात थांबला. "आज घंटी कामून वाजंना? त्यास्नी बरं न्हाई का काय?" ताटली खाली ठेवून उठायलाच लागल्या. आता आम्हालाही धास्ती वाटली. आप्पांचं वय झालेलं, थंडी ही अशी.

"तुमी बसा. मी बघून येते," मी त्यांना खांदा धरून खाली बसवलं आणि मागच्या दारानं काकूंच्या घरात गेले.

देवघराचं दार उघडं होतं. पूजा केव्हाच आटपली होती. बेल वाहिलेला, भस्म कपाळावर वाळलेलं, समई जळत होती. आप्पा पाटावर ताठ बसले होते. उजव्या हातात घंटी, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत तिचा लोलक घट्ट धरून ठेवलेला.

मला बघून त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "झालं का तिचं?"

"दुसरं चालू हाय."

भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "अगं सुनंदा, काय करायलेत गं ते?"

आप्पांनी लोलक आणखी आवळला.

"तिसरं टाका म्हणावं."